आधी अध्यापिका, मग बालक

जून महिन्यातील पहिल्या सोमवारची सकाळ आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हा ना केव्हा पाहिली असेल. बालवर्गाच्या दारात आई उभी असते, तिच्या पदराला साडेतीन-चार वर्षांचे मूल घट्ट धरून असते, आणि आतून एकाच वेळी दहाबारा कंठांतून रडण्याचा आवाज येत असतो. आई हात सोडवून निघून जाते. दार लागते. पुढे काय होते ते आईला दिसत नाही. दाराआडच्या त्या पहिल्या घटकाभरात वर्गातील बाई त्या मुलाशी कशी वागते, यावर त्या मुलाचे शाळेशी, सवंगड्यांशी आणि कित्येकदा परक्या माणसांच्या साऱ्या जगाशी जडणारे नाते अवलंबून असते. मात्र त्या बाईला हे कोणी शिकविले आहे काय? अंक, अक्षरे, गाणी, कागदकाम हे तिला शिकविले असेल. रडणाऱ्या मुलाजवळ कसे बसावे, मारणाऱ्या मुलाचा हात कसा धरावा, रुसलेल्याला किती वेळ एकटे राहू द्यावे आणि केव्हा जवळ घ्यावे, हे तिला कोणी, कोठे आणि किती दिवस शिकविले? आज मी आपल्यासमोर मांडणार आहे तो इतिहास या प्रश्नाचा आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगते, म्हणजे हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो हे आपल्या ध्यानी येईल. सीमाभागातील एका गावात मी नोकरीला लागले तेव्हा माझ्याकडे बालवर्ग सोपविण्यात आला. वर्गाची भाषा मराठी. परंतु तीनचार मुलांच्या घरी कानडी बोलत. त्यांतील एक मुलगा आठवडाभर एक शब्दही बोलला नाही. एके दिवशी शेजारच्या मुलाने त्याचे पाणी पिण्याचे पितळी फुलपात्र उचलले, तो याने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी त्याला दाराशी उभे केले आणि अर्धा तास त्याच्याकडे पाहिलेही नाही. दुपारी त्याची आजी त्याला न्यायला आली. आमच्या शाळेतील आयाबाईने तिचे बोलणे मला मराठीत समजावून सांगितले. मुलाची आई बाळंतपणासाठी पाच दिवसांपूर्वी दवाखान्यात गेली होती, आणि ते फुलपात्र आईचे होते. मी अध्यापनाची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली होते. ‘बालकाच्या भावना’ या विषयावरील टीप मला पाठ होती. मात्र ज्याला सांगायला शब्दच नाहीत अशा मुलाचे ऐकावे कसे, हे मला येत नव्हते.

त्या दिवसानंतर मी बालशिक्षणाच्या इतिहासाकडे वळले. आधी विरंगुळा म्हणून वाचत असे. पुढे ती माझी गरज झाली. वाचता वाचता एक गोष्ट मला वारंवार दिसू लागली. ज्यांनी ज्यांनी लहान मुलांसाठी नवी शाळा काढली, त्यांना त्यांना थोड्याच वर्षांत मोठ्या माणसांसाठी दुसरी शाळा काढावी लागली. आधी बालमंदिर, आणि त्याच्या मागोमाग अध्यापन मंदिर. हा क्रम देशोदेशी इतक्या वेळा आढळतो की तो योगायोग म्हणता येणार नाही.

जर्मनीतील फ्रोबेल यांचेच उदाहरण घ्या. ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव त्यांनी आपल्या शाळेला १८४० साली दिले. मुलांनी खेळावे, वर्तुळ करून गावे, बागेतील आपला वाफा सांभाळावा आणि त्याबरोबरच सर्वांचा सामाईक वाफाही सांभाळावा, अशी त्यांची योजना होती. आपले आणि सर्वांचे यांतील नाते मातीत हात घालून शिकण्याचाच तो धडा म्हणावयाचा. परंतु केवळ खेळण्यांच्या पेट्या विकत घेऊन किंडरगार्टन होत नाही, हे त्यांना लवकरच उमगले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, १८४९ साली, लीबेनस्टाईन येथे ते तरुण स्त्रियांना या कामाचे शिक्षण देऊ लागले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारले. बंदी उठली १८६० साली. मधल्या काळात हे काम टिकले, पसरले, समुद्रापलीकडे गेले, ते प्रामुख्याने त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांमुळे. सरकारने शाळा बंद केल्या, तरी शिकलेल्या बाईच्या अंगी मुरलेली रीत कोणाला बंद करता आली नाही.

याच परंपरेतून एक धागा मराठीपर्यंत आला, आणि तो आणला पंडिता रमाबाईंनी. १८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या तेव्हा तेथील किंडरगार्टनची पद्धत पाहून त्या थांबल्या नाहीत, तर विद्यार्थिनी होऊन त्यांनी तिचा रीतसर अभ्यास केला. मायदेशी परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. अनाथ आणि विधवा मुलींना स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे, तर त्यांच्या हाती लहान मुलांना शिकविण्याचे काम द्यावे, ही दृष्टी त्या अभ्यासामागे होती. ज्या मुलींना स्वतःच्या बालपणी माया मिळाली नाही त्यांनी दुसऱ्यांच्या बालपणाचे रक्षण करावे, ही कल्पना आजही मनाला स्पर्श करते.

आता रोमकडे वळू. सान लोरेन्झो ही त्या शहरातील गरीब मजुरांची वस्ती. आईबाप कामाला गेले की लहान मुले जिन्यांवरून हुंदडत आणि भिंती खराब करीत. त्यांना दिवसभर एका खोलीत सांभाळण्यासाठी ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे ‘बालकांचे घर’ उघडण्यात आले, आणि त्याची जबाबदारी डॉ. मारिया मॉन्टेसरी यांच्यावर सोपविण्यात आली. मॉन्टेसरी म्हटले की आपल्याकडे लाकडी ठोकळे, मनोरे आणि मण्यांच्या माळा आठवतात. मला मात्र त्यांच्या आठवणींतील नाक शिंकरण्याचा धडा सर्वांत मोलाचा वाटतो. एके दिवशी त्यांनी मुलांना रुमाल कसा वापरावा, आवाज न करता, कोणाच्या लक्षात न येईल अशा बेताने नाक कसे शिंकरावे, हे थोड्या विनोदाने करून दाखविले. मुले गंभीरपणे पाहत राहिली आणि धडा संपताच त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॉन्टेसरीबाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानी आले की या मुलांना शेंबडे म्हणून आजवर सर्वांनी हिणविले होते. नाक कसे पुसावे हे मात्र कोणीही शांतपणे दाखविले नव्हते. मुलांनी टाळ्या वाजविल्या त्या आपला मान राखला गेला म्हणून.

श्रोतेहो, सामाजिक आणि भावनिक शिक्षण म्हणून आज ज्याची एवढी चर्चा होते, त्याचे बीज या लहानशा प्रसंगात आहे. दार हळू कसे लावावे, कोणाच्या कामात व्यत्यय न आणता जवळून कसे जावे, एखादी वस्तू दुसऱ्याच्या हाती असेल तर वाट कशी पाहावी, हे सारे मॉन्टेसरीबाईंनी अक्षरांइतकेच काळजीपूर्वक शिकविले. वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवावा, अशी त्यांची रीत होती. पैसे वाचविणे हा तीमागील हेतू नव्हता. मनोरा एकच असला म्हणजे दुसऱ्याचे संपेपर्यंत थांबावे लागते, आणि रोज थोडे थोडे थांबता थांबता मूल दुसऱ्याचा विचार करू लागते. वाट पाहण्यावर व्याख्यान देऊन हे साधले नसते.

परंतु याच बाईंनी शिक्षिकेविषयी जे लिहिले ते वाचताना मी अंतर्मुख झाले. शिक्षिकेची तयारी साधनांच्या ओळखीने पुरी होत नाही. तिने आधी आपल्याच मनाची झाडाझडती घेतली पाहिजे, असे त्यांचे सांगणे होते. दोन दोष तिने विशेषेकरून शोधावेत, एक क्रोध आणि दुसरा अहंकार. मोठ्या माणसावर रागावलो तर ते उलट बोलते, आणि आपण सावध होतो. लहान मुलावर रागावलो तर ते भिते, गप्प होते. मग त्या गप्प होण्यालाच आपण शिस्त समजतो आणि आपला राग आपल्याला न्याय्य वाटू लागतो. पाप कबूल करण्यापूर्वी अंतःकरण तपासावे, ही शिकवण ज्या घरांतून मुलांना लहानपणीच मिळते त्या घरांत मी वाढले. तरी वर्गात उभे राहून स्वतःच्या रागाचे नाव घ्यावयाचे असते, हे मला या बाईंच्या लेखनाने शिकविले. दाराशी उभ्या केलेल्या त्या मुलाच्या शिक्षेत माझा क्रोध किती होता आणि अहंकार किती होता, हे आता मी सांगू शकते.

बालकांचे घर उघडून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९०९ साली, मॉन्टेसरीबाईंना शिक्षकांचा पहिला वर्ग घ्यावा लागला, आणि १९१३ साली रोममध्ये देशोदेशींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग भरला. इंग्लंडमध्येही हेच घडले. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या भगिनींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागातील गरीब मुलांसाठी १९१४ साली उघड्या हवेतील शिशुशाळा काढली. रेचेल १९१७ साली वारल्या. त्यांच्या नावाने मार्गारेट यांनी १९३० साली शिक्षिकांसाठी महाविद्यालय उभे केले. सुसान आयझॅक्स या विदुषींनी १९२४ ते १९२७ या काळात केंब्रिजच्या एका छोट्या शाळेत मुलांची भांडणे, मत्सर, दोस्ती आणि समेट यांची बारकाईने टिपणे ठेवली. मुले भांडली की शिक्षक ओरडतो. या बाई ओरडण्याऐवजी लिहून घेत. त्या टिपणांतून १९३३ साली लहान मुलांच्या सामाजिक विकासावरील त्यांचा ग्रंथ निघाला, आणि त्याच वर्षी लंडन येथील शिक्षणसंस्थेत शिक्षकांना बालविकास शिकविणारा विभाग त्यांच्या हाती देण्यात आला. पाहणे आणि लिहून ठेवणे हे शिक्षिकेच्या तयारीचे अंग आहे, हा त्यांचा वारसा होय.

आता आपल्या प्रदेशात येऊ. गिजुभाई बधेका हे काठेवाडातील वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि या मुलाला आपण कसे वाढवावे, कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. तेव्हा वसो गावच्या मोतीभाई अमीन यांनी मॉन्टेसरीबाईंच्या पद्धतीकडे त्यांचे लक्ष वेधले. बडोद्याच्या वाचकांना हे नाव परके नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यातील वाचनालयांच्या चळवळीत ज्यांनी आयुष्य वेचले तेच हे मोतीभाई. एका मित्राने दिलेल्या वाचनाने वकिलाचा शिक्षक झाला. १९१६ साली गिजुभाई भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर उघडले. लोक त्यांना कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, म्हणत. पुन्हा तोच क्रम पाहा: बालमंदिर १९२० साली, आणि शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर १९२५ साली.

गिजुभाईंचे ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक कल्पित असले तरी प्रत्येक शिक्षकाने वाचावे असे आहे. त्यातील शिक्षक नव्या पद्धतीवर मोठी श्रद्धा ठेवून चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी शांततेचा खेळ घ्यावयास सांगतो. खिडक्या लावतो, मुलांना स्तब्ध बसावयास सांगतो. आणि होते काय? कोणी मांजरासारखे ओरडतो, कोणी टाळ्या पिटतो, सारा वर्ग खिदळतो. शिक्षकाची फजिती होते. दुसऱ्या दिवशी तो शहाणा होऊन येतो आणि मुलांना गोष्ट सांगू लागतो. तेव्हा कोठे मुले जवळ सरकतात, आणि आपोआप शांत होतात. रोमच्या मुलांनी आनंदाने स्वीकारलेला खेळ काठेवाडच्या मुलांवर पहिल्याच दिवशी लादता येत नाही. आधी नाते, मग नियम, हे तत्त्व गिजुभाईंनी आपल्या नायकाची फजिती करून सांगितले. मॉन्टेसरीबाई लहान वयात अद्भुत कथांना फारसे स्थान देत नसत. गिजुभाईंनी मात्र लोककथा, गाणी आणि नाट्य यांना बालमंदिरात मानाचे पान दिले. गोष्टीतील कोल्ह्याचा लबाडपणा आणि चिमणीचा हट्ट यांतून मूल रागालोभाची नावे शिकते, हे त्यांनी ओळखले होते. बक्षीस नाही, शिक्षा नाही आणि मारणे तर मुळीच नाही, हा त्यांच्या मंदिराचा दंडक होता. ज्या काळी छडी हे शिक्षकाचे अधिकारचिन्ह समजले जाई त्या काळची ही गोष्ट आहे, हे विसरू नये.

याच बालमंदिरात १९२३ साली एक मराठी बाई आल्या. त्या ताराबाई मोडक. प्रार्थना समाजी वडिलांच्या, सदाशिवराव केळकरांच्या, घरात जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, आणि भावनगरला येण्यापूर्वी राजकोटच्या स्त्री-अध्यापिकांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्या. वस्तुतः प्राचार्येची खुर्ची सोडून लहान मुलांच्या चटईवर येऊन बसणे ही त्या काळच्या शिकलेल्या स्त्रीला अधोगतीच वाटली असती. ताराबाईंना तसे वाटले नाही. गिजुभाईंसमवेत १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघाची उभारणी केली. मराठी शिक्षणपत्रिकेच्या द्वारे घरोघरच्या आईबापांशी आणि गावोगावच्या शिक्षकांशी त्या वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. १९३६ साली त्या मुंबईस आल्या. दादरचे शिशुविहार आणि तेथील अध्यापन मंदिर ही त्यांची पुढची कर्मभूमी. गिजुभाईंनीही आयुष्याच्या शेवटी, १९३८ साली, राजकोटला काढले ते अध्यापन मंदिरच. १९३९ च्या जूनमध्ये ते निवर्तले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टेसरीबाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी वर्ग सुरू केला. देशाच्या सर्व भागांतून तीनशेच्या आसपास विद्यार्थी तेथे जमले. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली, आणि बाईंचे चिरंजीव मारिओ यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंना सत्तर वर्षे पुरी झाली. त्या वेळी सरकारने मारिओंना सोडले. मुलांमध्ये सलोखा कसा नांदावा याची पद्धत शिकविणाऱ्या मातेला युद्धाने स्वतःच्या मुलापासून दूर केले, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. तरीही वर्ग थांबले नाहीत. कोडाईकनाल आणि अन्य ठिकाणी ते भरत राहिले, आणि बाईंच्या भारतातील वास्तव्यात हजारावर शिक्षक तयार झाले.

इतके झाल्यावर कोणालाही वाटावे की आता मार्ग मोकळा झाला. पण ताराबाईंना एक शल्य टोचत होते. महागडी साधने, स्वच्छ इमारत, नीटनेटक्या पोशाखातील मुले, हे सारे शहरातील सुखवस्तू घरांच्या वाट्याला येत होते. ज्या मुलांसाठी मॉन्टेसरीबाईंनी सान लोरेन्झोत काम सुरू केले, त्यांच्यासारखीच मुले आपल्याकडे या मंदिरांच्या बाहेर होती. म्हणून १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. त्या वेळी ते ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. पुढे शिकून त्या शिक्षिका झाल्या, आणि पुण्यात अनेक वर्षे त्यांनी मुलींना शिकविले. स्वतःचे बालपण असे हरवलेल्या बाईने पुढची सारी हयात इतरांचे बालपण सांभाळण्यात घालविली.

बोर्डीच्या दलित वस्तीत शाळा उघडली, तेव्हा मुलेच येईनात. तेव्हा ताराबाईंनी ठरविले की मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. त्यातून ‘अंगणवाडी’ जन्मास आली. अनुताई घरोघर फिरून मुलांना गोळा करीत, त्यांना न्हाऊमाखू घालीत, केस विंचरीत. बाहेरच्या माणसाला हे आरोग्याचे काम वाटेल. पण ज्या मुलांच्या अंगाला हात लावावयास गावातील उच्चवर्णीय कचरत, त्यांच्या केसांतून एक शिकलेली बाई रोज सकाळी फणी फिरविते, याचा अर्थ त्या मुलांना समजत नसेल काय? सान लोरेन्झोतील नाक पुसण्याचा धडा आणि बोर्डीची फणी ही एकाच शिकवणुकीची दोन रूपे आहेत. साधनेही तेथलीच घेतली. शंखशिंपले, चिंचोके, पाने आणि खडे घेऊन मुले मोजू लागली.

१९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारली मुले. त्यांची बोली निराळी, त्यांचे देव निराळे, आणि शाळेचे वेळापत्रक त्यांच्या जीवनाशी मुळीच न जुळणारे. थोरली बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरे. तिला शाळेत बोलवावे तर भावंडाचे काय? म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ असे नाव दिले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात गेला, आणि ती ‘कुरणशाळा’ झाली. भावंडाची माया आणि शाळेची ओढ यांपैकी एक निवड, असे मुलाला न सांगणे, हेच भावनिक शिक्षणाचे पहिले तत्त्व नव्हे काय? या टेकडीवर बालसेविकाही तयार झाल्या. त्यांच्या शिक्षणाचे ठिकाण हे मुलांच्या शेजारीच होते. भूक, ताप, दारिद्र्य आणि हसू हे सारे त्यांनी पुस्तकाआधी पाहिले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले; १९७३ च्या ऑगस्टची एकतिसावी तारीख, मॉन्टेसरीबाईंचा जन्मदिवस, हीच त्यांची निधनतिथी ठरली. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत हे काम केले.

सरकारी कागदपत्रांतही हा विचार अगदीच नव्हता असे नाही. १९४४ च्या सार्जंट अहवालात शाळापूर्व शिक्षणासाठी दहा लाख मुलांची सोय सुचविली होती, आणि या वयात औपचारिक पाठांपेक्षा सामाजिक अनुभव देणे हा मुख्य हेतू असावा, असे तेथे सांगितले होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि बोर्डीच्या अंगणात रुजलेला शब्द देशभर गेला. आज देशात तेरा-चौदा लाख अंगणवाड्या आहेत. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर लहान मुलांपर्यंत पोहोचणारे काम क्वचितच असेल. त्याबद्दल अभिमान बाळगावा.

मात्र याच ठिकाणी आपल्या इतिहासातील तो क्रम मोडला. शब्द पसरला तितक्या वेगाने त्यामागील तयारी पसरली नाही. अंगणवाडीची सेविका आहार वाटते, वजन घेते, लसीकरणासाठी घरोघर फिरते, नोंदवह्या लिहिते. राहिलेल्या वेळात तिने शिकवावे, अशी अपेक्षा असते. आणि ज्या तयारीसाठी भावनगरला स्वतंत्र मंदिर उभारावे लागले, ती तिला थोड्या दिवसांच्या वर्गात उरकावी लागली. यात तिचा दोष नाही. आपण तिच्या हाती मुले दिली. मुलांना समजून घेण्याची शिकवण मात्र पुरती दिली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने ही उणीव मान्य केली आहे. बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, आणि कमी शिकलेल्यांना एक वर्षाची पदविका, अशी तरतूद त्यात आहे. हे शिक्षण मुख्यतः दूरशिक्षणाच्या साधनांनी व्हावे आणि अधूनमधून प्रत्यक्ष भेटीचे वर्ग असावेत, असेही त्यात म्हटले आहे. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील अभ्यासक्रम आराखड्यात सामाजिक, भावनिक आणि नैतिक विकासाला अक्षर-अंकांच्या बरोबरीचे स्थान देण्यात आले आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि इतिहास वाचणाऱ्या मनाला एक शंका येते. क्रोध आणि अहंकार यांची ओळख पडद्यावरच्या पाठाने होईल काय? मुलाच्या शेजारी गुडघे टेकून बसण्याची रीत कोणा अनुभवी बाईला तसे बसताना पाहिल्यावाचून अंगवळणी पडेल काय? फ्रोबेलपासून अनुताईंपर्यंत सर्वांनी ही विद्या सहवासातून दिली. दूरशिक्षणाने माहिती जरूर द्यावी. परंतु प्रत्येक नव्या सेविकेला काही आठवडे तरी एका चांगल्या बालवाडीत, एका जाणत्या बाईच्या हाताखाली, पाहण्याची, लिहून ठेवण्याची आणि चुकण्याची मुभा मिळाली पाहिजे.

आपण मराठी माणसे महाराष्ट्राबाहेर नांदतो, तेव्हा याला आणखी एक पदर येतो. बेळगावात, गोव्यात, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत आपल्या मुलांच्या घरची भाषा एक आणि वर्गाची दुसरी, हे नित्याचे आहे. आपल्या बालवर्गांतही इतरांची मुले येतात. ज्या मुलाला वर्गाची भाषा येत नाही, ते आपले दुःख हाताने, दाताने किंवा मौनाने बोलते. त्याच्या घरच्या भाषेतील दहावीस शब्द, म्हणजे पाणी, आई, दुखते, भीती वाटते, मला हवे, हे शिक्षिकेला येणे हा तिच्या तयारीचा भागच समजला पाहिजे. हे शब्द शिकवावयास अनुदान लागत नाही. शाळेतील आयाबाई ते आनंदाने शिकवील.

मला ते तिनेच शिकविले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला तेव्हा मी दाराशी जाऊन खाली बसले आणि मोडक्यातोडक्या कानडीत त्याला विचारले, ‘आई कशी आहे?’ तो काही बोलला नाही. बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पिशवीतून ते फुलपात्र काढले आणि माझ्या हाती दिले. दुपारी, ज्याला चावला होता त्या मुलाला त्याने त्यातूनच पाणी दिले. मी दोघांनाही काही सांगितले नव्हते.

जून पुन्हा येईल, दार पुन्हा लागेल. दाराबाहेर उभे राहणाऱ्या आपण सर्वांनी शाळेला फीविषयी, गणवेषाविषयी आणि पुस्तकांविषयी विचारावेच. त्यासोबत एवढेही विचारावे की या वर्गातील बाईंना तयार कोणी केले, किती दिवस केले, आणि त्यांना आधार देणारे कोणी आहे काय? ज्या बाईची विचारपूस होते, तिलाच मुलाची विचारपूस करणे साधते.